हृदयाची शस्त्रक्रिया आणि फुफ्फुसांची काळजी

हृदयावरील शस्त्रक्रिया यशस्वी झाली असें शस्त्रवैद्यांनीं बाहेर येऊन सांगितलें, कीं घरच्या मंडळींना संकट टळलें असें वाटतें. हृदयापुरतें तें बहुधा खरेंहि असतें. परंतु हृदयाच्या शेजारींच फुफ्फुसें आहेत, आणि पुढल्या कांहीं दिवसांत तेथें न्यूमोनिया होण्याचें भय असतें.

याचें कारण शस्त्रक्रियेच्या स्वरूपांतच आहे. हृदय व फुफ्फुसें या दोहोंचें काम करणारें यंत्र लावून डॉ. जॉन गिबन यांनीं ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फिया येथें उघड्या हृदयावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. अशा यंत्रावर रक्ताभिसरण सोंपविलें म्हणजे फुफ्फुसें तेवढा वेळ निश्चल राहतात व त्यांचे कांहीं भाग मिटतात. छातीचें मधलें हाड बहुधा कापलेलें असतें. त्यामुळें पुढें दीर्घ श्वास घेतांना दुखतें आणि खोकतांना अधिकच दुखतें. बाहेर न पडलेला कफ सांचतो व त्यांत जंतु वाढतात. शिवाय कृत्रिम श्वासाची नळी जितकी अधिक काळ घशांत राहील तितका धोका अधिक. कारण तोंडांतील जंतुयुक्त लाळ तिच्या कडेनें झिरपून खालीं उतरते.

हा धोका सर्वांना सारखा नसतो. उतारवय, फुफ्फुसांचा जुना विकार, धूम्रपान, मधुमेह, हृदयाची क्षीण शक्ति, तातडीची शस्त्रक्रिया, यंत्रावर गेलेला दीर्घ वेळ, पुष्कळ रक्त द्यावें लागणें आणि काढलेली नळी पुन्हां घालावी लागणें, यांनीं तो वाढतो. यांपैकीं वय कोणाच्याच हातीं नाहीं. परंतु कांहीं गोष्टी रोग्याच्या व घरच्यांच्या हातीं खास आहेत.

शस्त्रक्रियेस अवधि असेल तर विडी-सिगारेट निदान चार आठवडे आधीं सुटावी, आणि ती संवय डॉक्टरांपासून लपवूं नये. दांत व हिरड्या तपासून घ्याव्या. दीर्घ श्वासाचा अभ्यास आधींच सुरू करावा. वेदनेंत नवी गोष्ट शिकणें कठीण जातें.

शस्त्रक्रियेनंतर वडिलांच्या वेदना न पाहवून मुलगी म्हणते, "अण्णा, स्वस्थ पडून राहा, खोकूं नका." त्यांत माया असते, पण हितास बाध येतो. छातीशीं उशी घट्ट धरून खोकावें, डॉक्टर सांगतील तेव्हां उठून बसावें, चार पावलें चालावें. वेदनाशामक औषध देतात तें यासाठींहि असतें. त्या मुलीनें "अण्णा, ही उशी धरा आणि खोका" असें म्हणणें हीच खरी शुश्रूषा होय.

घरीं आल्यावर ताप, पिवळा वा हिरवा कफ, धाप, किंवा वृद्ध रोग्याच्या बोलण्यांत भ्रम आढळल्यास दिवस न दवडतां डॉक्टरांस कळवावें.