गटाच्या संगणकातून पाणी गळलं तेव्हा

मी सिल्लोडहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून मी काम करते. आज गटाच्या संगणकाविषयी बोलायचंय, आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगायची आहे.

आमच्या गटानं संगणक घेतला तो जुना. मिरची पावडरच्या पाकिटांची लेबलं, महिन्याचा हिशेब, बँकेचे कागद, बायांचे ऑनलाइन अर्ज, सगळ्यासाठी बाहेर जाऊन पैसे मोजावे लागायचे. नवा परवडत नव्हता. छत्रपती संभाजीनगरला शिकणाऱ्या एका मुलाचा संगणक २२,००० रुपयांत मिळाला. एका बाजूला काच, आत निळे-जांभळे दिवे. खेळ खेळण्यासाठी बनवलेलं ते मशीन. "दमदार आहे, घेऊन टाकू," असं बैठकीत मीच म्हणाले. वॉरंटी संपलेली होती, हे माहीत होतं. मूळ बिल मागावं, हे मात्र सुचलं नाही.

या मशीनमध्ये प्रोसेसर थंड ठेवायला पाणी फिरतं, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. ट्रॅक्टरच्या बोनेटखालचा रेडिएटर तुम्ही पाहिलाय ना? तसाच छोटा रेडिएटर संगणकाच्या डब्यात असतो. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, तो काम करताना तापतो. त्याच्यावर एक पंप बसवलेला असतो. पंप दोन नळ्यांमधून पाणी फिरवतो, पाणी उष्णता घेऊन रेडिएटरकडे जातं, तिथले पंखे ते थंड करतात. मोठ्या कामाला ही पद्धत चांगलीच. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली सीडॅकचा परम ब्रह्म हा महासंगणक आला, तोही द्रवानं थंड ठेवला जातो. पण आमचं काम होतं लेबलं छापायचं आणि व्याज काढायचं. त्याला साधा पंखा पुरला असता.

मे महिन्यातली दुपार होती. ते काम बघणारी आमच्या गटातली एक सून हिशेब भरत बसली होती. मशीन आपोआप बंद पडलं. तिनं परत चालू केलं, आतून गुडगुड आवाज आला आणि पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बटण दाबताना टेबलावर तिला ओल दिसली. बोटाला चिकट लागली. तिनं मला फोन केला.

तेव्हा एक गोष्ट बरोबर सांगितली गेली, ती तुम्हीही ध्यानात ठेवा. "बटण दाबू नको. भिंतीवरचा स्विच बंद कर आणि वायर काढून ठेव." हात ओला असेल तर आधी पुसायचा. टेबलाखालचा बोर्डच भिजला असेल तर घराचा मेन स्विच पाडायचा. आणि चालतंय का ते बघू म्हणून पुन्हा सुरू करायचं नाही. नुसत्या ओलीनं जेवढं बिघडत नाही, तेवढं ओलीत वीज सोडल्यानं बिघडतं. नळीतलं पाणी नवं असताना विजेला फारशी वाट देत नाही, पण बोर्डावरची धूळ आणि क्षार त्यात मिसळले की वाट देतं. आपल्या खोलीतली धूळ काय सांगायची!

हे पाणी प्यायच्या पाण्यासारखं समजू नका. त्यात बहुधा ग्लायकोल नावाचं औषध असतं. त्याचा एक प्रकार चवीला गोड आणि पोटात गेला तर जीवघेणा असतो. आपल्या डब्यात कोणता आहे हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून विषच समजायचं. लेकरं, शेळ्या, कुत्रं लांब ठेवा. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून पुसा, तो फडका टाकून द्या, हात साबणानं धुवा.

मी पोहोचले तोवर सल्ले देणारे जमले होते. एक म्हणाला, डबा तांदळात ठेवा. तांदळाचा भुसा आत जातो, त्याशिवाय काही होत नाही. एकानं पत्र्यावर उन्हात ठेवायला सांगितलं. आमच्या मे महिन्याच्या उन्हात! आणखी एकाचं म्हणणं, नळीला एमसील लावा आणि बोअरचं पाणी भरा. ज्या पाण्यानं हंड्याच्या आत पांढरा थर बसतो, ते पाणी त्या बारीक वाटांमधून काय फिरणार? अशा कूलरचा संच कारखान्यातच बंद केलेला असतो. एकदा गळला की तो बदलायचा. ठिगळ लावून पुन्हा बोर्डावर टांगायचा नाही.

आम्ही काच काढली, डबा आडवा केला, म्हणजे पाणी आणखी खाली ओघळणार नाही. मग सावलीत पंख्याखाली ठेवला. सिल्लोडच्या दुरुस्तीवाल्यानं आधी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली आणि आमचा सगळा हिशेब पेन ड्राइव्हवर घेतला. माझ्या जिवात जीव आला, कारण कागदी रजिस्टर बंद करायचं आम्ही ठरवत होतो! नंतर त्यानं बोर्डावरचा गोल सेल काढला आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन मऊ ब्रशनं चिकट डाग साफ केले. हाताला लावायचं सॅनिटायझर यासाठी चालत नाही, त्यात इतर पदार्थ असतात. तीन दिवस सगळं तसंच सुकू दिलं. ज्या लोखंडी डब्यात विजेची वायर जाते, तो पॉवर सप्लाय घरी कधीच उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

चौथ्या दिवशी निकाल लागला. पंपाच्या थेट खाली असलेलं ग्राफिक्स कार्ड गेलं होतं. आधी दुसऱ्या एका दुकानात विचारलं होतं, तिथं १८,००० रुपयांचा खर्च सांगितला होता. या दुरुस्तीवाल्यानं ते कार्ड काढून ठेवलं आणि पडद्याची वायर बोर्डाच्याच जोडणीत लावली. आमच्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय आतच होती. पडदा उजळला. खेळ खेळायचा नसेल तर ते कार्ड लागतच नाही. प्रत्येक प्रोसेसरमध्ये ही सोय नसते, म्हणून विचारून घ्या.

पाण्याच्या कूलरऐवजी साधा पंख्याचा कूलर बसवला. घेताना दोन गोष्टी बघायच्या. तो आपल्या बोर्डाला बसतो का, आणि त्याच्या उंचीनं डब्याचं झाकण लागतं का. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट पुसून हरभऱ्याच्या दाण्याएवढी नवी लावली. कूलरच्या तळाला प्लॅस्टिकची पातळ झिल्ली असेल तर ती आधी काढायची. कूलर, सफाई, मजुरी मिळून २,९०० रुपये झाले.

खरा ताण पैशाचा नव्हता, तो बैठकीत झाला. दोघीतिघींचं म्हणणं पडलं, तिनंच तांब्या सांडला असेल, खर्च तिच्याकडून घ्या. ती बिचारी मान खाली घालून बसली. सासूही बैठकीत होती, घरी गेल्यावर काय ऐकावं लागलं असतं ते आपल्याला कळतं. तेव्हा मी तो काढलेला कूलर सगळ्यांसमोर ठेवला. नळी जिथं पंपाला जोडली होती, तिथं हिरवट पांढरा चिकटा सुकलेला दिसत होता. तांब्यातलं पाणी आतून बाहेर येत नाही. अशा सांध्यांतलं रबर वर्षांनी कडक होतं, आतला धातू गंजतो, नळीतूनही थोडं थोडं पाणी उडत राहतं. म्हणूनच कंपन्या या कूलरची हमी दोन-तीन वर्षांपासून फार तर सहा वर्षांपर्यंत देतात.

आणि इथं माझी चूक. संगणकाची वॉरंटी संपली तरी कूलरची वेगळी हमी कधी कधी शिल्लक असते, पण ती मागायला मूळ बिल लागतं. आमच्याकडे तेच नव्हतं. मी ते बैठकीत कबूल केलं. दुकानातून घेतलेल्या मशीनची हमी चालू असून दुकानदार दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. आमचा व्यवहार त्या मुलाशी परस्पर झालेला, त्यामुळे तो मार्ग आम्हाला नव्हता.

खर्च गटाच्या निधीतून करायचा, असा ठराव झाला. एकीनं सही करताना तोंड वाकडं केलंच. त्या सुनेवर दंड बसला नाही, आणि हिशेबाचं काम आजही तीच बघते. कागदी रजिस्टर आम्ही चालू ठेवलं. दर महिन्याच्या बैठकीनंतर हिशेब पेन ड्राइव्हवर घेतला जातो आणि तो पेन ड्राइव्ह कोषाध्यक्षांच्या घरी राहतो.

तुमच्या गटात, किंवा मुलानं घरी आणलेला, असा काचेचा डबा असेल, तर संगणक बंद करून, वायर काढून बॅटरीच्या उजेडात आत बघा. प्रोसेसरवरून दोन जाड काळ्या नळ्या निघत असतील, तर तो पाण्याचा आहे. नळीच्या सांध्याशी चिकटा किंवा हिरवट डाग दिसला, तर वायर पुन्हा लावू नका, दुरुस्तीवाल्याला बोलवा.