घसरगुंडी गेली, खिडकी उरली

आज मी तुमच्याशी घसरगुंडीविषयी बोलणार आहे. बागेतल्या नव्हे, शाळेतल्याही नव्हे, तर उपाहारगृहातल्या घसरगुंडीविषयी. ज्यांची मुलं-नातवंडं १९८० ते २००५ या काळात अमेरिकेत वाढली, त्यांना यात नवल वाटणार नाही. बर्गर विकणाऱ्या दुकानाच्या अंगणात, नाहीतर बाजूच्या काचेच्या खोलीत, घसरगुंडी, प्लॅस्टिकचे बोगदे, दोरीच्या जाळ्या आणि रंगीत चेंडूंनी भरलेला हौद असे. मूल दोन घास खाऊन खेळायला पळे आणि आईबाप कॉफीचा पेला पुढ्यात घेऊन जरा टेकत. आज अशी दुकानं शोधावी लागतात. ही खेळघरं का आली आणि का गेली, हे पाहण्यासारखं आहे. मुलांनी खेळायचं कुठे आणि ती जागा द्यायची कुणी, हा प्रश्न या गोष्टीत दडलेला आहे.

थोडं मागे जाऊ. मुलांसाठी राखून ठेवलेली जागा ही कल्पना अमेरिकेतल्या शहरांत रुजली ती समाजसेवेतून. १८८० च्या दशकात बोस्टनमध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी वाळूचे ढीग टाकण्यात आले. मुलं रस्त्यावर घोडागाड्यांच्या चाकांखाली येऊ नयेत, हा साधा हेतू. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या सीवर्ड पार्कमध्ये नगरपालिकेचं कायमस्वरूपी क्रीडांगण सुरू झालं. १९०६ मध्ये अशा क्रीडांगणांसाठी देशव्यापी संस्थाही निघाली. खेळाची जागा देणं हे शहराचं काम आहे, असं मानण्याचा तो काळ होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदललं. मध्यमवर्ग उपनगरांत राहायला गेला. घरं मोठी, अंगणं मोठी, पण दुकान, शाळा, मित्राचं घर, सगळीकडे जायला मोटार हवी. रस्त्यालगत मोटारवाल्यांसाठी खाण्याची दुकानं निघाली. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो इथं मॅक्डोनल्ड बंधूंचं असंच एक दुकान होतं. १९४८ मध्ये त्यांनी ते नव्या पद्धतीनं मांडलं. पदार्थ मोजकेच, काचेच्या बशांऐवजी कागदी वेष्टण, गाडीपाशी पदार्थ आणून देणाऱ्या मुली बंद, ज्यानं त्यानं खिडकीशी येऊन घेऊन जायचं. बसायला आत जागाच नव्हती. घ्यायचं आणि गाडीत बसून खायचं. श्रोतेहो, ही गाडी लक्षात ठेवा. आपल्याला शेवटी तिच्याकडेच परत यायचं आहे.

१९५५ मध्ये रे क्रॉक यांनी शिकागोजवळ डेस प्लेन्स इथं आपलं पहिलं मॅक्डोनल्ड्स उघडलं. त्यांना गिऱ्हाईक हवं होतं ते कुटुंबाचं. टवाळ पोरं तासन् तास रेंगाळू नयेत म्हणून त्यांनी दुकानात गाण्यांचं यंत्र ठेवलं नाही, सिगारेटचं यंत्र ठेवलं नाही, सार्वजनिक टेलिफोनही ठेवला नाही. नव्या दुकानासाठी जागा पाहताना ते आसपासच्या शाळा आणि चर्चचे मनोरे मोजत. जिथं शाळा आणि चर्च, तिथं मुलंबाळं असलेली घरं, हा त्यांचा हिशेब.

पुढे दुकानांत बाकं आली, टेबलं आली. आता लोकांनी आत येऊन बसावं असं दुकानदाराला वाटू लागलं. मग कुटुंबाला आत ओढणार कोण? तर मूल. १९६३ मध्ये वॉशिंग्टनमधल्या दूरचित्रवाणीवर रोनाल्ड मॅक्डोनल्ड हा विदूषक अवतरला. १९७१ मध्ये जाहिरातींतून ‘मॅक्डोनल्डलँड’ नावाची एक अख्खी काल्पनिक नगरी उभी राहिली. तिथला महापौर चीजबर्गरच्या डोक्याचा, तर पोलीस अधिकाऱ्याचं डोकं बिग मॅकचं. ही नगरी आपल्या मालिकेवरून उचलली आहे, असा दावा मुलांच्या मालिका बनवणाऱ्या सिड आणि मार्टी क्रॉफ्ट यांनी केला, आणि १९७७ मध्ये वरिष्ठ न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला. पण तोवर ती पात्रं पडद्यावरून उतरून दुकानाच्या अंगणात येऊन उभी राहिली होती. बिग मॅक पोलिसाच्या पोटातली शिडी चढायची आणि त्याच्या डोक्याच्या गजांआडून बाहेर बघायचं! १९७९ मध्ये खेळणं घातलेला ‘हॅपी मील’चा डबा देशभर मिळू लागला. पैसे वडिलांच्या खिशातले, पण गाडी कुठे वळवायची हे मागच्या सीटवर ठरू लागलं. बर्गर किंगसारख्या दुसऱ्या साखळ्यांनीही हाच मार्ग धरला.

ही पहिली खेळणी लोखंडी होती. उन्हात तापत, आणि वरून पडलं तर खाली कठीण जमीन. १९८१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगानं सार्वजनिक क्रीडांगणांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. खेळण्यांची उंची, गजांमधलं अंतर, खालची मऊ जमीन यांचा विचार सुरू झाला. बर्गरच्या आकाराच्या त्या लोखंडी पिंजऱ्यावरून पडून मुलं जखमी झाल्याच्या घटना वेळेवर कळवल्या नाहीत म्हणून याच आयोगानं पुढे मॅक्डोनल्ड्सलाही जाब विचारला. लोखंड मागे पडलं आणि प्लॅस्टिक आलं.

प्लॅस्टिकची ही कल्पना मूळची बर्गरवाल्यांची नव्हे. एरिक मॅकमिलन या कल्पक माणसानं १९७२ मध्ये कॅनडात टोरांटोच्या ‘ओंटारिओ प्लेस’मध्ये मुलांसाठी एक अद्भुत गाव उभारलं होतं. जाळ्या, उड्या मारायच्या गाद्या, लोंबत्या पिशव्या, सगळं मऊ. चेंडूंचा हौदही त्यांच्याच नावावर जमा आहे. तेच मऊ जग १९८० च्या दशकाच्या शेवटी उपाहारगृहांत शिरलं आणि पावसापाण्यापासून सुरक्षित झालं. या धंद्याला असा बहर आला, की १९९१ मध्ये मॅक्डोनल्ड्सनं शिकागोजवळ नेपरव्हिल इथं ‘लीप्स अँड बाउंड्स’ नावाचं नुसतं खेळायचं केंद्रच काढलं. १९९४ मध्ये ते ‘डिस्कव्हरी झोन’ या कंपनीत विलीन झालं आणि १९९६ मध्ये त्या कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. तिकीट लावून मुलांचा खेळ विकणं तेव्हा जमलं नाही. बर्गरच्या जोडीला फुकट दिलेला खेळ मात्र चालत राहिला. एरिक श्लॉसर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फास्ट फूड नेशन’ या पुस्तकात आकडे दिले आहेत : अमेरिकेत एकट्या मॅक्डोनल्ड्सची ८,००० हून अधिक खेळघरं आणि बर्गर किंगची २,००० हून अधिक.

हे सगळं मुलांना गळाला लावण्यासाठीच होतं, यात शंका नाही. तळलेले बटाटे आणि गोड पेयं खपवायची ती युक्ती होती. तरीही मी त्या खेळघरांना एका शब्दात निकालात काढू शकत नाही. १९९८ च्या जानेवारीत मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात लेकीकडे राहत होते. बाहेर गुडघाभर बर्फ, नातू तीन वर्षांचा, आणि घर म्हणजे तीन खोल्या. महामार्गालगतच्या एका बर्गरच्या दुकानात असं खेळघर होतं. बूट काढून खणात ठेवायचे, पायमोजे घातल्याशिवाय आत जायचं नाही, एवढाच नियम. एक कॉफी आणि बटाट्याचं लहानसं पाकीट घेतलं, की दोन तास कुणी ऊठ म्हणत नसे. तिथं एक मेक्सिकन आजी रोज नातीला घेऊन येत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला स्पॅनिश. पण कुणाचं पोर बोगद्यात अडकून रडतंय, हे दोघींनाही एकदमच कळे. त्या गावात मोटारीतून उतरून अनोळखी माणसाशेजारी फुकटात बसता येईल, अशा उबदार जागा किती होत्या? ग्रंथालय होतं, पण तिथं तीन वर्षांच्या पोरानं किंचाळून चालत नाही.

मग ही खेळघरं गेली कशी? एका फटक्यात गेली नाहीत. चेंडूंच्या हौदाविषयी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ई-मेलवरून भयंकर वावड्या उठल्या, हौदात सुया सापडल्या, साप निघाले वगैरे. त्या खोट्या होत्या. पण अस्वच्छतेची तक्रार खोटी नव्हती. हजारो चेंडू रोज धुणार कोण? २०११ मध्ये ॲरिझोनातल्या बालविकासाच्या एका प्राध्यापिकेनं अनेक राज्यांतल्या अशा खेळघरांतून नमुने घेऊन प्रयोगशाळेत तपासले. रोगजंतू सापडले आणि वृत्तपत्रांतून गाजावाजा झाला. चेंडूंचे हौद तर त्याआधीच भराभर रिकामे होऊ लागले होते.

दुसरीकडे मुलांच्या स्थूलपणाची चर्चा वाढली. मुलांना भुलवून असं अन्न विकावं का, असं लोक उघड विचारू लागले. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरानं पोषणाचे निकष न पाळणाऱ्या जेवणाबरोबर फुकट खेळणं देण्यावर बंदी घालणारा ठराव केला. विदूषक हळूहळू जाहिरातींतून मागे सरला. लाल-पिवळ्या भिंती जाऊन करडा, तपकिरी रंग आला. कॉफी पीत लॅपटॉप उघडून बसणारा प्रौढ माणूस आता हवासा गिऱ्हाईक झाला. जन्मही घटले. २००७ मध्ये अमेरिकेत ४३ लाखांहून अधिक बालकं जन्मली, २०२३ मध्ये सुमारे ३६ लाख.

पण माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण म्हणजे ती गाडी. १९७५ मध्ये ॲरिझोनात सिएरा व्हिस्टा इथं मॅक्डोनल्ड्सनं आपली पहिली ‘ड्राइव्ह-थ्रू’ खिडकी उघडली. जवळच्या लष्करी तळावरच्या सैनिकांना कामाच्या गणवेशात बाहेर गाडीतून उतरायला मनाई होती, म्हणून ही सोय. गाडी खिडकीशी लावायची, पुडकं घ्यायचं, चालू पडायचं. होता होता अमेरिकेतल्या अशा दुकानांचा निम्म्याहून जास्त धंदा या खिडकीतून होऊ लागला. गिऱ्हाईक आतच येत नसेल, तर त्याला आत ओढणारी घसरगुंडी कशाला? तिची जागा, तिची सफाई, तिचा विमा, हा सगळा नुसता खर्च. २०२० मध्ये कोविड आला, खेळघरांना कुलपं लागली आणि त्यातली कित्येक कुलपं पुन्हा उघडलीच नाहीत. काही ठिकाणी खेळघरं अजून आहेत. चिक-फिल-एसारख्या साखळीनं ती पुष्कळ ठिकाणी राखली आहेत. पण १९४८ मध्ये गाडीत बसून खाण्यापासून सुरू झालेला हा प्रवास बहुतेक ठिकाणी पुन्हा गाडीतच येऊन थांबला आहे.

यात कंपनीनं कुणाला फसवलं असं मी म्हणणार नाही. तिनं खेळघर बांधलं ते हिशेबानं आणि मोडलं तेही हिशेबानं. चूक झाली ती समाजाची. दुकानदारानं दिलेली सोय आहे म्हणून गावाला आपलं क्रीडांगण, आपलं बालभवन बांधायची निकड वाटेनाशी झाली. दुकानदारानं हात आखडला तेव्हा त्या आजीनं कुठं जायचं, याचं उत्तर कुणाकडेच तयार नव्हतं. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांची मुलं आज तासाला तिकीट काढून खेळतात. ज्यांच्याकडे नाहीत त्यांची घरात पडद्यासमोर बसतात.

मॅक्डोनल्ड्स आपल्याकडे १९९६ मध्ये दिल्लीत आणि पाठोपाठ मुंबईत आलं. बाकावर बसलेल्या त्या विदूषकाच्या पुतळ्याशेजारी फोटो काढून घेतलेली मुलं आता स्वतः आईबाप झाली असतील. ती आपल्या मुलांना मॉलमधल्या खेळघरात नेतात, मनगटाला पट्टी बांधतात आणि घड्याळाकडे बघत उभी राहतात. पट्टीची वेळ संपली की मूल रडत बाहेर येतं. मॉलवाल्याचाही हिशेबच आहे आणि तोही कधी बदलेल हे सांगता येत नाही.

आपल्याकडे मात्र एक गोष्ट कागदावर तरी आहे. प्रत्येक शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी आरक्षित भूखंड दाखवलेले असतात. आपल्या घराजवळचा तो भूखंड कुठला, त्यावर आज काय उभं आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? महापालिकेत किंवा नगरपरिषदेत जाऊन तो नकाशा पाहता येतो. या आठवड्यात सवड काढून एकदा पाहून या, आणि जाताना घरातल्या लहानग्यालाही बरोबर न्या.