एका किटलीसाठी



माझी मुलगी चित्रकलेचं शिक्षण पुरं करून घरी परतली, त्याला आता सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं तिनं फक्त चित्रं काढली. मग कुठल्याशा कार्यशाळेत जाऊन मातीत हात घालून आली आणि गच्चीवरच्या खोलीत एक लहानशी विजेची भट्टी बसवली. विजेचं बिल मी भरतो, म्हणून ती तारीख माझ्या लक्षात आहे. अलीकडे त्याच मातीचे मणी, झुमके, गळ्यातली करायला लागली. मी कवी असलो तरी आधी बाप आहे. एका संध्याकाळी न राहवून म्हणालो, ‘‘अगं, एक काहीतरी धर. सकाळी चित्र, दुपारी मडकं, रात्री झुमके. अशानं ना चित्रकार होशील, ना कुंभार, ना सोनार.’’

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक पुस्तक उघडं ठेवलेलं दिसलं. त्यात एका म्हातारीचा फोटो. अंगावर साडी, गळ्यात चांदीच्या जाडजूड माळा, मनगटं कड्या-बांगड्यांनी भरलेली. मला वाटलं, कच्छातली किंवा राजस्थानातली कुणी आजी असावी. खाली नाव वाचलं तर बिअॅट्रिस वूड. राहणार ओहाय, कॅलिफोर्निया.

या बाईंचा जन्म १८९३चा, सॅन फ्रान्सिस्कोमधला. घर श्रीमंत. लहानपण न्यूयॉर्कमध्ये गेलं. आईला वाटायचं पोरीनं चांगल्या घरात पडावं, आणि पोरीच्या डोक्यात चित्रं आणि नाटक. पॅरिसला जाऊन दोन्ही शिकल्या, पहिल्या महायुद्धामुळे परत आल्या. न्यूयॉर्कमध्ये त्यांची मार्सेल द्युशाँ या चित्रकाराशी मैत्री झाली. १९१७ साली प्रदर्शनात मुतारीचं भांडं पाठवून ज्यांनी कलाजगतात खळबळ उडवली, तेच हे द्युशाँ. त्याच प्रदर्शनात बिअॅट्रिसबाईंचंही चित्र होतं आणि त्यात खराखुरा साबण चिकटवलेला होता. या मंडळींच्या चळवळीचं नाव ‘दादा’. आपल्याकडच्या दादांशी तिचा संबंध नाही, पण दरारा साधारण तसाच.

ही झाली तरुणपणची धमाल. मला ओढ लागली ती पुढच्या भागाची. १९३० साली जे. कृष्णमूर्तींची भाषणं ऐकायला त्या हॉलंडला गेल्या. तिथे त्यांनी काही जुन्या बश्या विकत घेतल्या. त्यांच्यावर सोन्यासारखी, जरा तिरपं धरलं की रंग बदलणारी झळाळी होती. घरी आल्यावर वाटलं, या बश्यांना शोभेल अशी चहाची किटली हवी. बाजारात कुठे मिळेना. मग आपणच करू, म्हणून १९३३ साली हॉलिवूडच्या एका हायस्कुलात चालणाऱ्या प्रौढांच्या वर्गात त्यांनी नाव घातलं. वय वर्षं चाळीस. एका किटलीसाठी गेलेली ही बाई पुढची साठ वर्षं मातीतून बाहेर आलीच नाही.

ती झळाळी म्हणजे काय, ते थोडं सांगतो, कारण तिथे माझं घर येतं. ही विद्या नवव्या शतकात इराकमध्ये मुसलमान कुंभारांनी नावारूपाला आणली. एकदा भाजून झिलई चढलेल्या भांड्यावर चांदी आणि तांब्याच्या क्षारांनी नक्षी काढायची आणि भांडं पुन्हा मंद आचेवर ठेवायचं. भट्टीत हवा कमी आणि धूर जास्त, असं कोंडायचं. धुराला प्राणवायूची भूक असते. तो क्षारांतला प्राणवायू ओढून घेतो आणि मागे झिलईत धातूचा अगदी पातळ थर राहतो. भांडं बाहेर येतं तेव्हा काळपट, मळकं दिसतं. गार झाल्यावर फडक्यानं पुसलं की खालून सोनं उजळतं. इराकमधून ही कला इजिप्त, इराण, स्पेन, इटली अशी फिरली. इराणातल्या काशान गावच्या एका कुंभार घराण्यातल्या अबुल कासिम यांनी १३०१ साली तिची कृती लिहून ठेवली आहे. सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाणंपिणं आमच्याकडे हदीसनं मना केलेलं. म्हणून मातीलाच सोन्याचं रूप देण्याची ही युक्ती निघाली, असं काही अभ्यासक म्हणतात. असेलही. राजेरजवाडे ती मनाई कुठे पाळत होते, हा प्रश्न वेगळा.

बिअॅट्रिसबाईंनी यात स्वतःची वाट काढली. क्षार वरून न लावता त्या ते झिलईतच मिसळत आणि धूर कोंडून भाजत. हिटलरनं ऑस्ट्रिया गिळल्यावर व्हिएन्नाहून निघून आलेलं नाट्झलर हे ज्यू जोडपं लॉस एंजेलिसला स्थायिक झालं होतं. १९४०च्या सुमारास त्यांच्याकडे बाई शिकल्या. मुसलमानांची विद्या, ज्यू गुरू आणि कृष्णमूर्तींच्या ओढीनं ओहायला घर बांधणारी अमेरिकन शिष्या. माणसं एकमेकांकडून काय काय घेतात!

हे सगळं सुखासुखी झालं नाही. १९३८च्या पुरात बाईंचं राहतं घर गेलं. दोन लग्नं झाली, दोन्ही मनासारखी नाहीत. भांडी विकून त्या पोट भरत. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे कलावंतानं पोटासाठी हात चालवले की त्याची कला उतरली, असं समजायची पद्धत आहे. मीही समजत होतो. १९४८पासून त्या ओहायला राहिल्या. १९६१ साली भारतात आल्या. हस्तकलांसाठी आयुष्य वेचणाऱ्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्याशी त्यांचा स्नेह होता. पुढेही त्या भारतात आल्या, साडी नेसू लागल्या आणि शेवटपर्यंत नेसत राहिल्या. चाकावर भांडी होत होती, त्याच हातांनी थट्टेखोर मातीच्या बाहुल्या होत होत्या आणि रेखाटनंही चालू होती. शंभरी ओलांडली तरी काम थांबलं नाही. १९९८ साली १०५व्या वर्षी गेल्या.

मातीचं काम घाई करू देत नाही, हे मी आता घरी बघतो. भांडं चाकावरून उतरलं की ते धड ओलं नाही, धड सुकलेलं नाही, अशा अवस्थेची वाट बघायची. मगच त्याचा तळ खरवडायचा. मग पूर्ण सुकवायचं. मग पहिली भाजणी, मग झिलई, मग दुसरी भाजणी. भट्टी उघडायची घाई केली तर गार हवा लागून भांडं तडकतं. या थांबण्याच्या दिवसांत माझी मुलगी चित्र काढते आणि चित्राचा रंग सुकेपर्यंत मणी वळते. मी तिला ‘एक काहीतरी धर’ म्हणालो, तेव्हा हे मला दिसलंच नव्हतं.

फोटोतल्या त्या बांगड्या बघताना मला आणखी एक माणूस आठवलं. माझे वडील, अब्बाजी. आम्ही मणेर, बांगड्यांचा धंदा. अब्बाजी आठवड्याचे पाच बाजार करायचे. फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्यांचे चुडे दोरीत ओवून खांद्यावर टाकायचे आणि निघायचे. बायका त्यांना मणेरमामा म्हणत. समोर हात आला की माप विचारायचं नाही. अंगठ्याचं मूळ एकदा दाबून बघायचं आणि दोन-चार की दोन-सहा ते ठरवायचं. हात कामानं घट्टे पडलेला असला तर साबण लावून, बोटं गोळा करून, एकेक बांगडी अशी चढवायचे की बाईच्या तोंडून ‘आई गं’ निघायचं नाही. एखादीनं गर्द निळा मागितला तर हात उजेडात धरून म्हणायचे, ‘‘आक्का, तुला हा मोरपंखी बघ.’’ आणि मोरपंखीच शोभायचा. चढवताना बांगडी फुटली तर ‘फुटली’ हा शब्द त्यांच्या तोंडून कधी यायचा नाही. म्हणायचे, ‘वाढली’. पैसे पोचलेल्या बांगड्यांचेच घ्यायचे. वाढलेलीचा तोटा आमचा.

बी.ए.च्या प्रवेश अर्जावर वडिलांचा व्यवसाय लिहायच्या जागी मी ‘व्यापार’ असं लिहिलं होतं. वर्गात मला बांगडीवाल्याचा पोरगा म्हणू नये, एवढंच त्यामागे होतं. पुढे माझा कवितासंग्रह निघाला. त्याच्या मलपृष्ठावर माझा परिचय मीच लिहिला. त्यात कॉलेज आहे, नोकरी आहे, मिळालेलं एक पारितोषिक आहे. अब्बाजी नाहीत. त्यांना मराठी वाचता येत होतं. त्यांनी ते पुस्तक हातात घेतलं, मागचं पान वाचलं आणि मुखपृष्ठावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘हा हिरवा जरा मळका आलाय.’’ खरंच मळका होता. मलपृष्ठाबद्दल ते त्या दिवशी बोलले नाहीत आणि नंतरही नाहीत. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

गेली काही वर्षं माझी कविता थांबलेली आहे. नोकरीतून वेळ मिळत नाही, असं मी सांगतो. ऐकणारे मान डोलावतात. अब्बाजींचा एकही बाजार ‘आज मन लागत नाही’ म्हणून चुकला नव्हता, हे मला पुस्तक मिटताना आठवलं. तेव्हापासून फजरच्या नमाजानंतर, नळाला पाणी येईपर्यंत, मी वही घेऊन बसतो. बहुतेक दिवशी एकही धड ओळ येत नाही. आलेली दुसऱ्या दिवशी तडकलेली दिसते. तिला वाढली म्हणावं की फुटली, ते अजून ठरत नाही.

मुलीला मी माफी वगैरे मागितलेली नाही. बापाला ते जमत नाही. पण पुढच्या आठवड्यात तिचं प्रदर्शन आहे आणि तिला चाळीस जोड कानातली हवी होती. परवा रात्री मी पक्कड घेऊन हुक लावायला बसलो. चष्मा लावूनही आठ जोडांचे हुक उलटे लागले. ‘‘अब्बा, राहू द्या,’’ म्हणत तिनं ते काढले आणि पुन्हा सुलटे लावले. मग माझ्यासमोर दोन रंगांचे मणी ठेवून विचारलं, ‘‘यातला कुठला घेऊ?’’ मी उठून ते दिव्याखाली धरले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)