दप्तरी असत्य आणि फौजदारी कायदा



वकिलांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदावरून ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे तो पुष्कळ वेळ मागणारा आणि आपल्या व्यवसायाच्या अगदी उंबरठ्यापर्यंत येऊन ठेपणारा आहे. एखाद्या संस्थेच्या हातून, मग ते पोलीस खाते असो, इस्पितळ असो, कारखाना असो की टपाल कार्यालय, काही अनर्थ घडला. आणि त्यानंतर त्या संस्थेने आपली इभ्रत राखण्याकरिता दप्तरात फेरफार केले, जबान्या घासूनपुसून घेतल्या, दोष मेलेल्यांच्या आणि दुबळ्यांच्या माथी मारला. तर त्या दुसऱ्या कृत्याला, मूळ अनर्थाहून स्वतंत्र असा, फौजदारी गुन्हा मानून शिक्षा द्यावी काय? द्यावी, असे माझे मत आहे. मूळ चूक बहुधा क्षणाची असते, घाईची असते, कित्येकदा केवळ अज्ञानाची असते. तिच्यासाठी तुरुंगाचा आग्रह मी धरणार नाही. परंतु चूक झाल्यावर टेबलाशी बसून, शांत चित्ताने, चार शहाण्यांचा सल्ला घेऊन रचलेले असत्य हे पूर्ण जाणिवेने केलेले कृत्य असते, आणि जाणिवेने केलेल्या अपकृत्याला दंड देणे हे तर आपल्या फौजदारी कायद्याचे आद्य कार्य आहे.

हे मत बनविण्यास जे प्रकरण मुख्यतः कारण झाले, ते आपल्या देशातले नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडातील शेफील्ड शहरी, हिल्सबरो नावाच्या क्रीडांगणावर, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघांमधील फुटबॉलचा उपान्त्य सामना होता. बाहेर प्रेक्षकांची गर्दी अनावर होऊ लागली तेव्हा, दुपारी २ वाजून ५२ मिनिटांनी, बंदोबस्ताच्या मुख्य पोलीस अधिकाऱ्याच्या हुकुमाने बाहेर जाण्याचा एक मोठा दरवाजा आत येण्यासाठी उघडला गेला. त्याच्या समोरच असलेला बोगदा ज्या लोखंडी कुंपणाच्या कप्प्यांत उतरत होता ते कप्पे आधीच खच्चून भरलेले होते. बोगद्याचे तोंड बंद करण्याचे कोणास सुचले नाही, आणि पुढच्या काही मिनिटांत माणसे उभ्याउभ्या गुदमरली. सामना सुरू होऊन सहा मिनिटे झाली तेव्हा तो थांबवण्यात आला. मृतांची संख्या आज ९७ अशी नोंदली जाते. त्यांतला सर्वांत लहान दहा वर्षांचा होता, आणि शेवटचा त्या दिवशीच्या जखमांनी २०२१ साली वारला.

येथवर जे घडले ते भयंकर होते, तरी ते चुकीच्या कोटीत बसते. पुढचे बसत नाही. लोक मरत असतानाच त्या मुख्य अधिकाऱ्याने फुटबॉल संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना सांगितले की दरवाजा प्रेक्षकांनी जबरदस्तीने उघडला. चार दिवसांनी एका मोठ्या खपाच्या वृत्तपत्राने प्रेक्षकांवर दारूबाजीचे आणि मृतांच्या खिशांतले पैसे चोरल्याचे आरोप पहिल्या पानावर छापले. मृतांच्या रक्तात मद्य किती होते याची तपासणी करण्याचा आदेश निघाला, आणि त्यातून बालकेही सुटली नाहीत. इंग्लंडात शिपायाने आपण पाहिलेली हकीकत खिशातील वहीत तिथल्या तिथे लिहून ठेवावी असा जुना शिरस्ता आहे. या प्रसंगी मात्र शिपायांना वहीत काही लिहू नका, जे आठवते ते कोऱ्या सुट्या कागदावर लिहून द्या, असे सांगण्यात आले. ते कागद खात्याच्या वकिलांकडे गेले, तेथून सूचना घेऊन परत आले, आणि मग नव्याने टंकलिखित झाले. वरिष्ठांचा हुकूम मिळत नव्हता, नियंत्रण उरले नव्हते, अशा अर्थाची शिपायांनी लिहिलेली वाक्ये त्या प्रवासात नाहीशी झाली. २०१२ साली एका स्वतंत्र समितीने सारे दप्तर उघडून पाहिले तेव्हा, लक्षणीय बदल केलेली १६४ निवेदने तिच्या हाती लागली, आणि त्यांपैकी ११६ निवेदनांतून पोलीस खात्याला बाधक असा मजकूर काढलेला वा बदललेला होता.

आपल्यापैकी ज्यांनी फौजदारी न्यायालयात उमेदवारी केली आहे, त्यांना त्या कोऱ्या कागदाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. शिवलेल्या वहीत खाडाखोड केली तर ती दिसते. सुटा कागद बदलला तर काहीच दिसत नाही.

या असत्याचे आयुष्य किती दीर्घ होते पाहा. दुर्घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या लॉर्ड जस्टिस टेलर यांनी १९८९ च्याच ऑगस्टमध्ये आपल्या अंतरिम अहवालात पोलिसांचे नियंत्रण ढासळणे हेच मुख्य कारण असल्याचे लिहिले होते. तरीही १९९१ साली मृत्यूंच्या चौकशीत ज्यूरीने ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय दिला, आणि तो २०१२ साली रद्द होईपर्यंत मृतांच्या आईबापांना आपल्याच लेकरांवरचे किटाळ अंगावर वागवावे लागले. २०१६ च्या एप्रिलमध्ये, दोन वर्षे चाललेल्या नव्या चौकशीअंती, ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे असून प्रेक्षकांचा त्यात काही दोष नव्हता असा निर्णय दिला. त्या आधीच्या वर्षी मुख्य अधिकाऱ्याने साक्षीच्या पिंजऱ्यात आपले ते वाक्य खोटे होते हे कबूल केले होते. त्याच्यावर मनुष्यवधाचा खटलाही झाला, आणि २०१९ साली ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. त्या निर्णयाचा मान आपण राखलाच पाहिजे.

माझ्या आजच्या विषयाचे मर्म मात्र २०२१ सालच्या तिसऱ्याच खटल्यात आहे. निवेदने बदलल्याबद्दल दोन निवृत्त पोलीस अधिकारी आणि खात्याचा एक माजी वकील यांच्यावर न्यायाच्या मार्गात विकृती आणल्याचा आरोप होता. खटला चालू असताना न्यायाधीशांनी निर्णय दिला की ही निवेदने टेलर यांच्या चौकशीसाठी तयार झाली होती, ती चौकशी म्हणजे न्यायालय नव्हे, म्हणून तिच्यापुढे जाणारे कागद बदलल्याने ‘न्यायाच्या मार्गात’ विकृती येऊ शकत नाही. सबब आरोपींना उत्तर देण्यासारखे काही नाही. तिघेही सुटले. मी त्या न्यायाधीशांशी भांडणार नाही. दंडविधानाचा अर्थ संकुचित लावावा, संशयाचा लाभ आरोपीस द्यावा, हे तत्त्व आपण रोज ज्या पोटतिडकीने मांडतो त्याच तत्त्वाने ते चालले. दोष कायद्याचा आहे. अवघ्या प्रकरणात दोषी ठरला तो क्रीडांगण चालवणाऱ्या क्लबचा सचिव, सुरक्षितताविषयक कायद्याखाली, आणि त्याला साडेसहा हजार पौंड दंड झाला.

आता आपल्या घरात पाहू. १९५२ चा चौकशी आयोग कायदा या बाबतीत इंग्लंडपेक्षा दोन पावले पुढे आहे, हे मी अभिमानाने सांगतो. त्याच्या पाचव्या कलमान्वये शासनाने तशी अधिसूचना काढली असता आयोगापुढील कामकाज खोट्या साक्षीच्या प्रयोजनापुरते न्यायालयीन मानले जाते. आणि सहाव्या कलमात अशी सुज्ञ तरतूद आहे की आयोगापुढे दिलेले निवेदन साक्षीदाराविरुद्ध कोणत्याही दिवाणी वा फौजदारी कामात वापरता येणार नाही, अपवाद फक्त खोट्या साक्षीच्या खटल्याचा. खरे बोलणाऱ्याला ढाल आणि खोटे बोलणाऱ्याला शासन, ही ती योजना. परंतु ती आयोगापुढे उच्चारलेल्या शब्दापुरतीच आहे. आयोग नेमला जाण्यापूर्वी कचेरीत जे घडते, म्हणजे नोंदवही गहाळ होणे, शेरा बदलणे, वृत्तपत्रांना धादांत खोटे निवेदन देणे, ते तिच्या कक्षेबाहेर राहते. शिवाय दालमिया खटल्यात, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या आयोगाविषयी निर्णय देताना, सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली स्पष्ट केले की आयोगाचे निष्कर्ष हा न्यायनिवाडा नव्हे, शिफारस आहे.

मग दंडसंहिता? १८६० च्या संहितेचे २०१ वे कलम पुरावा नाहीसा करणाऱ्याला शिक्षा देते, पण त्यासाठी आधी एखादा गुन्हा घडलेला असावा लागतो आणि गुन्हेगाराला वाचविण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. मूळ अनर्थ हा नुसता हलगर्जीपणा किंवा यंत्रातील दोष ठरला की तो लपवणाऱ्यावरचे हे कलम आपोआप गळून पडते. २१८ वे कलम खोटे दप्तर तयार करणाऱ्या लोकसेवकाला लागते, खाजगी कंपनीच्या व्यवस्थापकाला नाही. आणि लोकसेवकाच्या बाबतीत शासनाच्या पूर्वमंजुरीचे दार आधी ठोठावावे लागते, म्हणजे ज्या खात्याचे बिंग फुटणार त्याच खात्याच्या वरिष्ठांकडे जाऊन अनुज्ञा मागावी लागते. २०२३ च्या न्यायसंहितेने क्रमांक बदलले. ही वैगुण्ये बदलली नाहीत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे विसावे कलम तर, ज्या महाराष्ट्राने केंद्राच्या आधी स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा केला त्या महाराष्ट्राने नीट वाचण्यासारखे आहे: मागितलेली माहिती नष्ट केल्यास, किंवा जाणूनबुजून खोटी दिल्यास, दंड दिवसाला २५० रुपये आणि तोही २५,००० च्या वर नाही, तो भरायचा माहिती अधिकाऱ्याने, जो पुष्कळदा ज्याच्या टेबलावर ते दप्तर कधी आलेच नव्हते असा कनिष्ठ अंमलदार असतो.

माझ्या म्हणण्यावर जो आक्षेप सर्वांत वजनदार आहे, तो डॉक्टर आणि अभियंते मंडळी घेतात. शिक्षेचे भय वाढवाल तर लपवाछपवी वाढेल, असे ते म्हणतात, आणि चुकीला शिक्षा देण्याविषयी बोलत असतील तर ते अक्षरशः खरे आहे. शस्त्रक्रियेत हात चुकलेल्या शल्यवैद्याला तुरुंग दाखवला तर पुढच्या वेळी तो टिपणात काय लिहील हे सांगावयास नको. म्हणूनच मी चूक आणि आच्छादन यांच्यात कायद्याने भिंत घालावी असे म्हणतो. विहित मुदतीत आपण होऊन खरी हकीकत देणाऱ्याला चौकशी आयोग कायद्याच्या सहाव्या कलमासारखे संरक्षण मिळावे, आणि मुदत टळल्यावर जाणूनबुजून खोटे दप्तर उभे करणाऱ्याला ते मिळू नये. आज सारा हिशेब उलटा आहे. खरे सांगणाऱ्याची बदली होते, बढती थांबते, वेळी नोकरी जाते. खोटे लिहिणारा वीस वर्षांनी उघडा पडला तरी निवृत्तिवेतन घेत असतो. तेवीस वर्षे दडून राहिलेल्या हिल्सबरोच्या दप्तराकडे पाहता आणखी एक गोष्ट मला आवश्यक वाटते: या गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांहून अधिक असली पाहिजे, नाहीतर फौजदारी मुदतीचा कायदा आरोपीच्या मदतीला धावून येईल आणि सत्य सापडेल त्या दिवशी खटला बाद होईल.

शिक्षा कोणाला, हा प्रश्न मला आक्षेपाइतका अवघड वाटत नाही. ज्याला सत्य ठाऊक होते आणि ते बदलण्याचा हुकूम देण्याचा ज्याला अधिकार होता, त्याला. निवेदनावर सही करणाऱ्या शिपायाची जबाबदारी अगदीच शून्य नाही, परंतु हिल्सबरोच्या काही शिपायांनी आपल्या निवेदनातील बदल आपल्याला पटले नव्हते असे पुढे सांगितले, आणि तसे सांगणाऱ्याला कायद्याने जवळ केले पाहिजे.

आता आपल्या व्यवसायाविषयी. इंग्लंडच्याच पोस्ट ऑफिसने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली वापरली. तिच्यातील दोषांमुळे हिशेबात खोटी तूट दिसू लागली, आणि त्या तुटीपायी पुढच्या सोळा वर्षांत ९०० हून अधिक पोस्टमास्तर आणि त्यांचे सहकारी चोर वा लबाड ठरले. त्यांतले बहुसंख्य खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच भरले होते, म्हणजे फिर्यादी, तपासनीस आणि सरकारी वकील ही तिन्ही आसने एकाच घरात होती. मदतीसाठी दूरध्वनी करणाऱ्या पुष्कळांना, अशी तक्रार फक्त तुमचीच आहे, असे सांगण्यात आल्याचे त्यांनी साक्षीत सांगितले आहे. २०१३ च्या जुलैत एका बॅरिस्टराने लेखी अभिप्राय दिला की प्रणालीविषयी साक्ष देणाऱ्या तज्ज्ञाने ठाऊक असलेले दोष न्यायालयापासून लपवले आहेत. पुढच्याच महिन्यात, साप्ताहिक बैठकीची टिपणे नष्ट करावीत अशी सूचना दिली गेल्याचे कळताच, त्याच बॅरिस्टराने असे करणे किती गंभीर आहे ते पुन्हा लेखी बजावले. वकिलाने वकिलासारखे वागावे ते असे. परंतु ते दोन्ही अभिप्राय पक्षकार आणि वकील यांच्यातील गुप्ततेच्या कुलुपात पडून राहिले, आणि ज्यांच्या आयुष्याचे मातेरे झाले होते त्यांच्या वकिलांच्या हाती ते अपिलाच्या वेळी, सातएक वर्षांनी लागले. संसदेला अखेर २०२४ साली कायदा करून त्या शिक्षा घाऊक रद्द कराव्या लागल्या.

ही गुप्तता मला प्राणाइतकी प्रिय आहे. तिच्यावाचून आरोपी आपल्या वकिलाशी मोकळेपणाने बोलणार नाही. तथापि २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १२६ व्या कलमाचे परंतुक, जे त्याच्या जागी आलेल्या कायद्यातही कायम आहे, आपण सर्वांनी पाठ केलेले आहे, आणि ते असे की बेकायदा उद्दिष्ट साधण्यासाठी झालेल्या संभाषणाला हे संरक्षण नाही. येथे माझ्या प्रतिपादनाचे दुसरे टोक येते. संस्थात्मक आच्छादन हा जोवर गुन्हाच नाही, तोवर त्यासाठी मागितलेला आणि दिलेला सल्ला ‘बेकायदा उद्दिष्टा’साठी होता असे म्हणता येत नाही, आणि कुलूप तसेच राहते. तो गुन्हा झाला की नवे कलम न घालता, दीडशे वर्षे जुन्या परंतुकानेच ते उघडते. निवेदनातले कोणते वाक्य गाळावे हे सांगणारा वकील आणि ते गाळू नका असे बजावणारा वकील, यांतला फरक मग केवळ सदसद्विवेकाचा राहणार नाही, तो न्यायालयात पाहता येईल.

इंग्लंडात लोकाधिकाऱ्यांवर सत्यकथनाचे बंधन घालणारे आणि लोकांची दिशाभूल करणे हा गुन्हा ठरवणारे विधेयक सप्टेंबर २०२५ मध्ये पार्लमेंटात मांडले गेले. मृतांच्या कुटुंबांनी त्यासाठी अनेक वर्षे लढा दिला. आपण त्याची नक्कल करावी असे मी म्हणत नाही, कारण आपल्या १९५२ च्या कायद्यात त्याहून सुबक असे बीज आधीच आहे. ते आयोगाच्या दालनातून कचेरीत आणि कारखान्यात कसे न्यावे, हा खरा प्रश्न आहे. उद्या सकाळी विषयनियामक समितीपुढे या अर्थाचा ठराव येत आहे. त्याच्या मसुद्यात पूर्वमंजुरीची अट काढण्याचा, शिक्षेची मर्यादा तीन वर्षांहून वर ठेवण्याचा आणि स्वेच्छेने सत्य सांगणाऱ्याच्या संरक्षणाचा उल्लेख असावा, आणि वकिली गुप्ततेच्या त्या परंतुकाचा विचार पहिल्याच परिच्छेदात व्हावा, अशी माझी सूचना आहे. या शेवटच्या मुद्द्यावर काही ज्येष्ठ सहकाऱ्यांचा तीव्र मतभेद आहे आणि त्यांनी तो मला आधीच कळवला आहे. तो त्यांनी खुल्या अधिवेशनात सविस्तर मांडावा, त्यासाठी अध्यक्ष या नात्याने मी दुपारचा सारा वेळ राखून ठेवला आहे.