मांडव आपला, फुलं आपली
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून इथं बाजारभाव, वीजबिल, पीककर्ज यांवर बोलणं झालं. आता आम्ही उठलो आहोत ते लग्नातल्या फुलांवर बोलायला. मागच्या रांगेतलं हसू ऐकू आलं. हसा, पण हिशेब ऐकून घ्या.

आधी एक गोष्ट साफ करतो. शेतकरी लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो, हे आम्हाला मान्य नाही. हे तुणतुणं फार जुनं आहे. १८७५ मध्ये सुपे आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर इंग्रज सरकारनं चौकशी आयोग नेमला. त्या आयोगालासुद्धा लिहावं लागलं की, कर्जाचं कारण म्हणून लग्नखर्चाला नको इतकं महत्त्व दिलं जातं. दीडशे वर्षं झाली. आजही शेतकऱ्यानं जीव दिला की पहिला प्रश्न येतो, 'घरात लग्न होतं का?' पिकाला काय भाव मिळाला, हे कोणी विचारत नाही. तेव्हा आम्ही काटकसरीचा उपदेश करायला आलेलो नाही. पोरीचं लग्न देखणं व्हावं असं सगळ्यांनाच वाटतं, आम्हालाही.

प्रश्न आहे तो पैसा जातो कुठं, हा. मागच्या हंगामात आमच्याकडच्या एका झेंडूवाल्याच्या घरी कार्य होतं. नाव सांगत नाही, तो इथंच बसलाय. त्याच आठवड्यात त्याच्या झेंडूला तोडणीची मजुरी निघेल एवढाही भाव नव्हता. दोन तोडे त्यानं बांधावर ओतले. आणि मांडवाच्या कमानीवर? प्लॅस्टिकची फुलं! शहरातल्या डेकोरेटरनं आणली, भाडं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी धुळीसकट गोणीत भरून पुढच्या लग्नाला नेली. स्टेजमागे थोडे जरबेरे आणि डच गुलाब होते, ते कुणातरी शेतकऱ्याच्या पॉलिहाऊसमधलेच. पण त्याला मिळालेला भाव आणि बिलातला भाव यांची ओळखदेख नव्हती. त्या एका बिलात याचा अख्खा झेंडूचा प्लॉट गेला.

काही जण म्हणतात, प्लॅस्टिकच्या फुलांवर बंदी मागा. यावर आमच्यात वाद आहे, तो लपवत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा आपण काय म्हणालो होतो ते आठवतं ना? मग दुसऱ्याच्या धंद्यावर बंदी मागताना जीभ जरा अडखळते. पण आपल्या दारात काय बांधायचं, याला सरकारी हुकूम लागत नाही.

आम्ही चार घरांनी करून पाहिलं ते सांगतो. तिथी निघाली की मांडववाल्याकडे जायच्या आधी रानात जा. झेंडूचं रोप लावणीला यायला तीन-चार आठवडे लागतात आणि लावणीपासून फुलं यायला साधारण दोन महिने. म्हणजे तिथीच्या तीन महिने आधी बी पडलं पाहिजे. आठवडाभर आधीच टाका. तोडे महिनाभर तरी चालतात, पण उशीर झाला तर वऱ्हाड दारात आणि फुलं कळीत. एक गुंठा पुष्कळ झाला. ६० बाय ४५ सेंटिमीटरवर ३५० च्या आसपास रोपं बसतात. ज्याच्याकडे पाणी नाही त्यानं शेजाऱ्याच्या रानातून घ्यावा, पण पैसे मोजून. भावकी आहे म्हणून फुकट मागायचा नाही. भाव मागणारी माणसं आपण.

तोडणी आदल्या दिवशी सकाळी, दव वाळल्यावर. ओली फुलं गोणीत दाबली की रात्रीत तापून काळी पडतात. सावलीत गोणपाटावर पसरा. किलोभर झेंडूची दाट माळ दहा-बारा फूट भरते. मध्ये आंब्याची पानं ओवली तर तेवढ्याच फुलांत दुप्पट लांबी होते, आणि दिसतेही जास्त चांगली.

सगळा मांडव फुलांनी मढवायची हौस नको. वऱ्हाडी आत येतात ती कमान आणि बोहल्याची मागची बाजू, एवढंच भरगच्च करा. बाकी ठिकाणी केळीचे खुंट, आंब्याचे टहाळे, ज्वारीच्या कणसांच्या जुड्या. आम्ही करडईची वाळकी बोंडंही बांधली होती. दिसली छान, पण करवलीचा शालू अडकून फाटला. ते तुम्ही करू नका.

संध्याकाळचं लग्न असेल तर गुलछडीला तोड नाही. एकेरी जात वासाला आणि हाराला, दुहेरी दांड्या उभ्या करायला. कापल्या कापल्या दांड्या पाण्याच्या बादलीत ठेवा. आणि उभ्या करायच्या त्या माळ्यावर पडलेल्या पितळी घागरींत. त्या घासल्या की शहरातली फुलदाणी त्यांच्यापुढं फिकी. थंडीत शेवंती, उन्हाळ्यात मोगरा. तिथीप्रमाणे फूल निवडा. फुलासाठी हट्ट धरला की दलालाचं फावतं.

आता अवघड भाग. माळा ओवायच्या कुणी? पहिल्या लग्नात रात्री दोनपर्यंत बाया ओवत बसल्या. सकाळी त्यातल्या एकीनं विचारलं, 'डेकोरेटरचे पैसे वाचले म्हणता, ते आमच्या बोटांतनं वाचले ना?' आमच्याकडे उत्तर नव्हतं. शेतात बाईच्या कष्टाचा हिशेब धरा म्हणून आपण सभा घेतो आणि मांडवात विसरतो. दुसऱ्या लग्नापासून ओवणीला रोजाप्रमाणे मजुरी दिली, घरच्या सुनेसकट. एक-दोन सासवा रागावल्या, अजून रागातच आहेत. तरीही बी, पाणी, तोडणी, ओवणी, सुतळी आणि शिडीवरच्या दोन पोरांची मजुरी धरून खर्च डेकोरेटरनं सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्यावर गेला नाही.

माघातल्या तिथीसाठी बी दिवाळीच्या सुमारास पडायला हवं. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी बैठक सुटल्यावर गाव आणि तारीख वहीत लिहून द्या. जवळ कुणाचा प्लॉट आहे ते आम्ही सांगू. भाव दोघांनी समोरासमोर बसून ठरवायचा, आजच.