घाटातला धोंडा कुठवर येईल?

2021 चा ऑगस्ट संपता संपता, पोळ्याच्या तोंडावर, चाळीसगाव तालुक्यात रात्रभर पाऊस कोसळला. कन्नडच्या औट्रम घाटात ठिकठिकाणी दरडी आल्या, वाहनं अडकली, धुळे-सोलापूर महामार्ग बंद पडला. दरडीचं कुणी सांगावं, असं आपण म्हणतो. ती केव्हा येईल हे सांगणं अवघडच. पण धोंडा कुठून सुटेल आणि कुठवर येईल, याचा हिशेब मांडता येतो.

आपला डोंगर लाव्हाच्या थरांचा. काही थरांच्या मधे लाल मातीचा पट्टा असतो. पावसानं तो झिजतो आणि वरचा कातळ अधांतरी राहतो. लाव्हा थंड होतानाच कातळाला भेगा पडलेल्या असतात. त्यांत पाणी शिरतं, झाडांची मुळं शिरतात. धोंडा सुटतो तो बहुधा अशा जागेवरून.

घनमीटरभर काळा पाषाण पावणेतीन टनांच्या आसपास भरतो. तीस मीटरवरून सरळ खाली आला, तर त्याचा वेग ताशी 85 किलोमीटरच्या पुढे जातो. मात्र उभ्या कड्यावरचा धोंडा पायथ्याशीच पडतो. खरी भीती मधल्या उताराची. तिथे तो आपटून उसळतो आणि थेट रस्त्यावर येतो. अमेरिकेत आर्थर रिची यांनी उतारावरून खरोखरचे दगड सोडून हे पाहिलं आणि 1963 मध्ये मांडलं. आता हेच संगणकावर करतात. डोंगराचा उतार मोजून घ्यायचा, उघडा कातळ कुठे आणि मुरूम कुठे ते भरायचं, कारण कातळावर धोंडा उसळतो, मुरमात त्याचा जोर मरतो. मग एकाच जागेवरून हजारदा धोंडा सोडायचा. दरवेळी वाट थोडी बदलते. त्यांतले किती रस्त्यावर आले, किती उंचीवरून, किती जोरानं, हे कळलं की धोंडा अडवणारी जाळी कुठे हवी, किती उंच आणि किती मजबूत, ते ठरतं.

अंदाजानं बांधलेल्या कठड्यावरून धोंडा उडून जातो. तो खर्च मला वायाच वाटतो. आपल्या प्रत्येक घाटाचं असं गणित पावसाळ्यापूर्वी व्हायलाच हवं.

आणि आपण एवढं करावं: पावसात कड्याखाली गाडी थांबवू नये, फोटोसाठी तर नाहीच. रस्त्यावर ताजे दगड दिसले, तर 112 वर लगेच कळवावं.