नव्या आवृत्तीनंतर न सापडणारे पत्ते
(केंद्र संमेलनातील व्याख्यान)



शाळेच्या दप्तरात सर्वसाधारण नोंदवही, हजेरीपट व आवक-जावक नोंदवही यांना जे मानाचे स्थान आहे, ते ई-मेलमध्ये साठविलेल्या पत्त्यांना अद्याप मिळालेले नाही. ही यादी कपाटात दिसत नाही. तिला पृष्ठक्रमांक नसतात. तपासणीच्या दिवशी ती कोणी मागत नाही. त्यामुळे ती नाहीशी झाल्यावरच तिचे महत्त्व ध्यानात येते. संगणकावरील ई-मेलची आज्ञावली अद्ययावत केली जाते. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक तालुक्याच्या कार्यालयास पत्र पाठवू लागतात. आणि एरव्ही दोन अक्षरे उमटताच पुढे येणारा पत्ता त्या दिवशी येत नाही.

अशा वेळी सर्व पुसले गेले असा समज होऊन आज्ञावली काढून टाकण्याची व पुन्हा बसविण्याची घाई होते. हीच घाई सर्वांत घातक होय. पत्ते बहुधा नष्ट झालेले नसतात. ते जेथे ठेवलेले होते ती जागा नव्या आवृत्तीने उघडलेली नसते, इतकेच. शाळेत नवे कपाट आले आणि वह्या जुन्या कपाटातच राहिल्या, तर त्या हरवल्या असे कोणी म्हणत नाही. परंतु ते जुने कपाट न उघडताच भंगारात दिले, तर मात्र वह्या खरोखरच गेल्या.

प्रथम एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. अक्षरे टाकताच सुचविला जाणारा पत्ता आणि पत्त्यांच्या वहीत लिहिलेला पत्ता, हे दोन्ही एक नव्हेत. पहिला म्हणजे आज्ञावलीची आठवण. पूर्वी ज्यांना पत्रे गेली त्यांची नावे ती आपणहून ध्यानात ठेवते. दुसरा म्हणजे मनुष्याने हेतुपूर्वक केलेली नोंद. पुष्कळ शाळांत वही रिकामीच असते व सारा कारभार आठवणीवर चालतो. तेव्हा नेमके काय दिसेनासे झाले, वही की आठवण, हे आधी ठरवावे.

'आउटलुक' या आज्ञावलीचे उदाहरण घ्यावे. तिच्या २००७ पर्यंतच्या आवृत्तीत ही आठवण 'एनके२' नावाच्या स्वतंत्र फाईलमध्ये, त्याच संगणकावर राहत असे. २०१० च्या आवृत्तीपासून ती टपालपेटीच्या साठ्यातच ठेवली जाऊ लागली. म्हणून फार जुन्या संगणकावरून नव्यावर येताना ती फाईल मागे राहिली, तर सूचना बंद होतात. वहीतील नावे मात्र जागेवर असू शकतात. कधी याच्या उलट घडते. 'कॉन्टॅक्ट्स' या फोल्डरमध्ये नावे दिसतात, पण पत्र लिहिताना उघडणाऱ्या पत्ता-पुस्तकात ती नसतात. अशा वेळी जुन्या धर्तीच्या आउटलुकमध्ये त्या फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन, हे फोल्डर पत्ता-पुस्तक म्हणून दाखवावे या अर्थाच्या चौकटीत खूण करावी. एका खुणेचा प्रश्न असतो. त्यासाठी आज्ञावली पुन्हा बसविण्याचे कारण नाही.

'थंडरबर्ड' या विनामूल्य आज्ञावलीत अडचण निराळी आहे. २०१९ मधील ६८ व्या आवृत्तीपासून प्रत्येक स्थापनेसाठी वेगळे 'प्रोफाइल' ठेवण्याची पद्धत आली. नवी आवृत्ती दुसऱ्या जागी बसविली गेली, तर ती कोरे प्रोफाइल उघडते आणि पत्रे व पत्ते दोन्ही दिसत नाहीत. अशा वेळी 'प्रोफाइल' व्यवस्थापनात जाऊन जुने प्रोफाइल निवडावे. पुढे २०२० मधील ७८ व्या आवृत्तीत पत्त्यांच्या फाईलची घडणच बदलली. जुनी 'मॅब' फाईल जाऊन 'एसक्यूलाइट' प्रकारची फाईल आली. तेव्हा जुनी प्रत नुसती नव्या प्रोफाइलमध्ये नेऊन ठेवली, तरी ती वाचली जाईलच असे नाही. तसेच या आज्ञावलीत 'कलेक्टेड अ‍ॅड्रेसेस' नावाची दुसरी वही असते. ज्यांना पत्रे गेली त्यांचे पत्ते तीत आपोआप जमा होतात. ती चाळल्याविना शोध संपला असे मानू नये.

मराठी शाळांना एक अडचण विशेष जाणवते. पत्त्यांची यादी 'सीएसव्ही' फाईलमध्ये काढून एक्सेलमध्ये उघडली व साध्या प्रकारे जतन केली, तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. एकदा अशी फाईल जतन झाली की मूळ अक्षरे तीतून परत मिळत नाहीत. यास्तव जतन करताना 'यूटीएफ-८' असा उल्लेख असलेला प्रकारच निवडावा आणि मूळ फाईलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करावे.

शोधाचा क्रम असा ठेवावा. प्रथमतः काहीही पुसू नये. दुसरे, त्याच खात्यात ब्राउझरमधून प्रवेश करून तेथे पत्ते आहेत काय ते पाहावे. तेथे असल्यास चिंतेचे कारण नाही, दोष फक्त संगणकावरील आज्ञावलीच्या जोडणीत आहे. खाते 'गूगल'चे असेल, तर तेथील पत्त्यांत केलेले बदल ३० दिवसांच्या आत मागे घेता येतात. म्हणून विलंब करू नये. तिसरे, संगणकावर जुने प्रोफाइल व जुन्या फाईली शोधाव्यात. चौथे, 'पाठविलेली पत्रे' उघडावीत. त्यांत पत्ते असतातच, आणि इतर सर्व उपाय खुंटले तरी वही पुन्हा लिहून काढता येते.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. शिष्यवृत्तीच्या यादीत मुलांची नावे, जन्मतारखा व बँक-खात्यांचे क्रमांक असतात. ती अंदाजाने लिहिलेल्या पत्त्यावर गेली, तर दोहोंपैकी एक गोष्ट घडते. पत्ता अस्तित्वात नसेल तर यादी परत येते, आणि ते वेळीच पाहिले नाही तर मुदत टळते. पत्ता दुसऱ्याच कोणाचा असेल तर मुलांची खासगी माहिती परक्याच्या हाती पडते व ती परत मागविता येत नाही. दोन्ही प्रसंगी भुर्दंड पडतो तो ज्या मुलाने काहीच केलेले नाही त्याला. आठवणीत साचलेले जुने, बदलून गेलेले पत्तेही तितकेच घातक असतात; म्हणून तेही वेळोवेळी काढून टाकले पाहिजेत.

तेव्हा प्रत्येक शाळेने आवश्यक पत्ते वहीत रीतसर नोंदवावेत. आज्ञावली बदलण्यापूर्वी त्यांची प्रत फाईलरूपाने वेगळी काढावी. आणि वर्षातून एकदा ती छापून, पडताळून, तारखेसह दप्तरात लावावी. मुख्याध्यापक बदलून जाताना प्रभार-यादीत किल्ल्या व शिक्के यांच्याबरोबर या यादीचाही उल्लेख असावा. येत्या सत्राच्या आरंभीच प्रत्येक शाळेने हे काम हाती घ्यावे, अशी विनंती आहे.